नाव आकाशात, पगार स्वयंपाक्याचा

१८५६ साली ऑक्सफर्डच्या वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांनी एक लघुग्रह शोधला. त्याचं नाव आयसिस. त्यांच्या लेकीचं नावही आयसिस. हे सांगितलं की टाळ्या पडतात: केवढा हा लेकीचा मान! मला त्या लेकीच्या पगाराविषयी बोलायचं आहे.

१८६१ मध्ये पॉग्सन मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथून त्यांनी 'एशिया' हा लघुग्रह शोधला. असा शोध म्हणजे एकदा दुर्बिणीत डोकावणं नव्हे. रात्रीमागून रात्री ताऱ्यांच्या जागा टिपायच्या, नकाशाशी ताडायच्या, जागेवरून हललेला ठिपका पकडायचा आणि मग आकडेमोड. वेधशाळेतल्या आकडेमोडीसाठी गणक नेमत. १८७३ मध्ये आयसिस गणक झाली. आई १८६९ मध्येच वारलेली, धाकट्या भावंडांचंही तीच पाहायची. पगार १५० रुपये, तेव्हा स्वयंपाक्याला किंवा गाडीवानाला मिळे तेवढा. १८८१ पासून मद्रास इलाख्याच्या हवामान-नोंदींची जबाबदारीही तिच्यावर आली. तिनं तिथे २५ वर्षं काढली.

१८८६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी वडिलांनी तिचं नाव सुचवलं. वकिलांनी सांगितलं, सनदेत सभासदाला 'तो' म्हटलंय, 'ती' बसत नाही. तिला स्वतःला सभासद व्हायला १९२० साल उजाडलं. तोवर आयसिस सत्तरीकडे झुकली होती!

मैत्रिणींनो, ही गोष्ट जुनी आणि परकी वाटते? छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांमध्ये मी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसोबत काम करते. मुलांची वजनं, लसी, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं यांच्या हातचं. सरकारचा आकडा यांच्याच वहीतून वर जातो. पण अंगणवाडीताईला मिळतं ते 'मानधन', आणि आशाताई तर 'स्वयंसेविका'! तिकडे 'तो' या शब्दानं जे केलं, तेच इथे हे शब्द करतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली.

'सेवेचं मोल पैशात करू नका,' असं आम्हाला ऐकवणारे स्वतःचा पगार मात्र मोजून घेतात. बाईच्या कामाला मान द्यायला कुणाची ना नसते, कारण मानाला खर्च येत नाही.

येत्या ८ मार्चला शाल-श्रीफळ जरूर घ्या. पण माईक हातात आला की तिथेच विचारा: आमची वेतनश्रेणी कधी?