मन्याचं बिस्किट

आमच्या मन्याला डायबेटिस आहे असं सांगितलं की रोहिणखेडला लोक आधी हसतात. "मांजराले शुगर? काऊन, थो काय जिलेबी खाते काय?" जिलेबी नाही खात, पण बिस्किट खात होता. त्या बिस्किटापायी परवा तो जाता जाता वाचला, म्हणून हे लिहितोय.

मन्या दहा वर्षांचा बोका. आधी चांगला गलेलठ्ठ होता. मग घटाघटा पाणी प्यायला लागला, खाऊनही वाळायला लागला. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी इन्सुलिन सुरू केलं. सुई टोचायला मी शिकलो. पण साखर काही खाली येईना. शेवटी डोस एकावरून दोन युनिटवर गेला.

त्याच सुमारास आजी लग्नाला मलकापूरला गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मन्या भिंतीला धरून चालल्यासारखा चालायला लागला, मग पाय दुमडून पडला. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, साखर घटलीय, बोटाने साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, आणि लगेच घेऊन या. वाचला बिचारा.

आजी परत आल्यावर उलगडा झाला. आजीला स्वतःला डायबेटिस. तिचा चहा बिनसाखरेचा, बिस्किट बंद. मग आपल्या वाटची दोन-तीन ग्लुकोज बिस्किटं ती रोज गुपचूप मन्याला घालायची. "मले नाई भेटत, तं त्या मुक्या जिवाले तरी भेटू दे बाप्पा!" म्हणजे आम्ही डोस वाढवत होतो तो त्या बिस्किटांवर. आजी गावाला गेली, बिस्किटं थांबली, डोस मात्र तोच राहिला.

माझं म्हणणं इतकंच आहे की आजारी जनावराच्या घरात चोरून लाड नकोत. खाऊ द्या, पण तो सगळ्यांना ठाऊक असू द्या. औषधाची मात्रा खाण्यावर ठरते आणि खाणं लपवलं की औषधच विष होतं. खाणं एकदम बदलायचं असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा. पिठूळ, गोड खाणं कमी झालं की इन्सुलिनची गरजही कमी होते. काही मांजरांचं तर वेळेवर उपचार आणि योग्य आहार मिळाला की इन्सुलिन सुटतंसुद्धा.

आणि गंमत ऐका. मांजराला गोड लागतच नाही! गोडाची चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी असतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिलं. मांजर पेढा चाटतं ते त्यातल्या दुधा-तुपासाठी. म्हणजे मन्याला गोड खाऊ घालण्यात गोडवा सगळा आपलाच, मन्याच्या वाट्याला नुसती साखर.

मग द्यायचं काय? मांजर मुळात मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस नसतो. त्यामुळे मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा चालतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, ते मांजराला बाधतं. दूध-पोळी नको. 'शुगर फ्री' बिस्किटांनी फसू नका, त्यांतही मैदा असतोच. मांजराचा म्हणून मिळणारा विकतचा खाऊही पाकिटावरचं वाचून घ्या, त्यात बऱ्याचदा धान्य आणि स्टार्च असतो.

प्रमाणही हवंच. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, त्यातला फार तर दहावा हिस्सा खाऊचा. एक ग्लुकोज बिस्किट खाल्लं की हे २० कॅलरींचं खातं संपलं. तेवढ्यातच दहा-बारा ग्रॅम कोंबडी किंवा पाव अंडं बसतं. त्याचेही बारीक तुकडे करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी द्यायचे.

आमच्याकडे अडचण वेगळीच होती. आजी माळकरी, स्वयंपाकघरात अंडं येत नाही. शेवटी अंगणात वेगळी चूल आणि वेगळं पातेलं आलं. अंडं मी उकडतो, मीच भरवतो. पण मग आजीने लाड करायचे तरी कसे? माझ्या मते खरा प्रश्न हाच होता, बिस्किटाचा नव्हताच. सत्तरी ओलांडलेल्या, गोड बंद झालेल्या बाईला कुणाला तरी काहीतरी द्यायचं होतं. तिला नुसतं "देऊ नको" म्हणून भागणार नव्हतं.

मग तिच्याकडे दोन कामं दिली. सकाळ-संध्याकाळ जुन्या फणीने मन्याला विंचरायचं आणि सुईची वेळ झाली की मला हाक मारायची. आता मी विसरतो, ती विसरत नाही. फणी हातात घेतली की मन्या धावत येऊन तिच्या पायाशी लोळतो. परवा म्हणाली, "ह्याले बिस्किट नोयतंच पाह्यजे बाप्पा, ह्याले मीच पाह्यजे होती."

असो. तुमच्या घरी कुणी आजारी जीव असेल, दोन पायांचा किंवा चार, तर त्याच्यासाठी कोण काय लपवून ठेवतंय ते एकदा बघा. आणि रागावू नका.