नाव एक, वस्तू अनेक

हजेरीपटात एकाच नावाची तीन मुले असली, तर नुसत्या नावाने हाक मारून भागत नाही; हजेरी क्रमांक पुकारावा लागतो. हे शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कळते. परंतु मोटारीचा सुटा भाग विकत घेताना हेच शहाणपण भलेभले गृहस्थ कोठे ठेवून येतात, हे आम्हांस न उलगडणारे कोडे आहे. दुकानाच्या फळीसमोर उभे राहून "मारुतीचे लायनर द्या" एवढेच म्हणावयाचे, दुकानदाराने पुढे केलेली पेटी काखोटीस मारावयाची आणि मिस्त्रीच्या हवाली करावयाची! कोणती मारुती, कोणत्या सालची, पुढच्या चाकाचे की मागच्या, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. इतकेच काय, 'लायनर' हा शब्द एकाच्या तोंडी ब्रेकच्या अस्तराचा, तर दुसऱ्याच्या तोंडी इंजिनातल्या नळकांड्याच्या आतल्या कवचाचा वाचक असतो.

आमच्या या सीमाभागात तर घोळ तिपटीने वाढतो. मिस्त्री कानडी, गिऱ्हाईक मराठी आणि पेटीवरचा मजकूर इंग्रजी. (आम्ही घरी कोकणी बोलणारे. आमच्या घरातले 'चेडूं' म्हणजे मुलगी, आणि शाळेच्या मैदानावरचा 'चेंडू' निराळा! सारख्या दिसणाऱ्या नावांवर विसंबू नये, हे आम्हांस निराळे शिकवावयास नको.)

गाडीची खरी ओळख तिच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस क्रमांकात असते. हा क्रमांक १७ अक्षरांचा व अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे मुळीच वापरीत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांसारखी दिसून वाचणाऱ्याची फसगत होईल. भारतात तयार झालेल्या गाडीचा क्रमांक 'एम' या अक्षराने सुरू होतो. मारुतीचा 'एमए३' असा, तर टाटांचा 'एमएटी' असा. हाच क्रमांक नोंदणीपत्रावर छापलेला असतो, आणि गाडी कोणत्या महिन्यात व साली बनली हेही तेथे लिहिलेले असते. महिन्याला महत्त्व एवढ्यासाठी, की कारखाने गाडीचे नाव न बदलता आतील भाग वर्षाच्या मध्येच बदलतात. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षे नाव तेच. परंतु पूर्वीच्या गाड्यांत कार्बुरेटर होता, नंतरच्यांत तो जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. नावावर जाणाऱ्याने येथे काय करावे?

एका गाडीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसतो, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. आरंभीच्या मोटारींना प्रत्येक भाग कानशीने घासून बसवावा लागे. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, ८९ भाग काढून त्यांच्या जागी साठ्यातील नवे घेण्यात आले, आणि केवळ पाने व पेचकस वापरून तिन्ही गाड्या पुन्हा जोडण्यात आल्या. त्या ५०० मैल धावल्या! सुट्या भागांवरच्या क्रमांकास अर्थ आला तो अशा अचूकपणामुळे.

आमच्या विद्यार्थ्यांनी घरच्या जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक अवश्य वाचून पाहावा. ६२०४ असेल, तर शेवटच्या दोन अंकांस पाचाने गुणावे: आतील छिद्राचा व्यास २० मिलिमीटर. ६२०५ असेल, तर २५. (०४ च्या खालच्या अंकांस हा हिशेब लागू नाही, ६२०३ चे छिद्र १७ मिलिमीटरचे असते.) टायरवर १४५/७० आर १२ असे असेल, तर रुंदी १४५ मिलिमीटर, उंची तिच्या ७० टक्के आणि चाकाचा व्यास १२ इंच. ज्यांच्या वडिलांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, त्या मुलांनी हे काम आपल्याकडे घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुना भाग मोडीत टाकण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि नवा त्याच्याशेजारी ठेवून दाते व भोके मोजावीत.

याला आडवा येतो तो एक शब्द: "चालतंय की!" कानडी मिस्त्रीही "नडीतैती" म्हणून तेच सांगतो. दाराची काच किंवा आरसा जुन्या बाजारातून आणला, तर आमची तक्रार नाही. उलट त्यात काटकसर आहे. परंतु तवंदीचा घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि सुकाणूचे सांधे 'चालतंय'वर सोपविता येत नाहीत. आमची कित्येक मुले वडापच्या गाडीत दाटीवाटीने बसून शाळेस येतात.

स्वस्त ते खोटेच, असेही आम्ही म्हणणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या बेळगावात सायकलचे दुकान काढले, त्याच बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत आज ओतकामाचे कारखाने आहेत. स्वतःच्या नावाने माल विकणारा लहान कारखानदार प्रामाणिक आहे; दुसऱ्याचे नाव पेटीवर छापणारा मात्र चोर आहे, आणि त्याच्यासाठी कायद्यात कारावासाची तरतूद आहे. पेटीवरच्या छपाईत अक्षरे फुसकट असली, शुद्धलेखन चुकले असले किंवा पेटीवरचा क्रमांक आतील वस्तूवरच्या क्रमांकाशी जुळत नसला, तर ती वस्तू घेऊ नये.

आणि पावती मागावी. 'सामान, नग एक' अशी नव्हे. जीवर भागाचा क्रमांक लिहिला आहे अशी, म्हणजे न जुमानणारी वस्तू दुसऱ्या दिवशी परत करताना दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.