नव्या रूपाची वाट

गेल्या माघांत पुण्याहून साताऱ्यास परत येत असतां खंबाटकी घाट ओलांडल्यावर आम्हीं चहासाठीं थांबलों. तेथें एक मोटार उभी होती. तिच्या सर्वांगावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचें आवरण चिकटविलेलें होतें. दिव्यांच्या जागा तेवढ्या उघड्या. भोंवतीं दहा-बारा तरुण जमले होते आणि जो तो फोन काढून तिचीं छायाचित्रें घेत होता. ‘‘बाबा, ही येऊं घातलेली गाडी आहे. बाजारांत येण्यापूर्वीं परीक्षेसाठीं रस्त्यावर आणतात,’’ चिरंजीवांनीं मला समजावून सांगितलें. ती नक्षीही उगीच नसते. तिच्यामुळें अंगावरील खांचा व उंचवटे डोळ्यांस नीट उमगत नाहींत, असें तो म्हणाला. मला मात्र लग्नांतील अंतरपाटाची आठवण झाली. मंडळी अक्षता हातांत घेऊन ताटकळत उभी, आणि पाट कांहीं दूर होत नाहीं!

त्या मोटारीवर कोणत्याही कारखान्याचें नांव नव्हतें. तरी जमलेल्यांपैकीं बहुतेकांची खात्री कीं, ही टाटांची पुढची नेक्सॉन. चिरंजीवांच्या डोळ्यांतही तीच आशा चमकली. कारण नेक्सॉनच्या नव्या रूपाची वाट पाहणें हा आमच्या घरांत जवळजवळ चार वर्षांचा कुळाचार होऊन बसला होता. मोटारींविषयीं लिहिण्याचा मला अधिकार नाहीं. जन्मभर मीं मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेतलीं. चाकांशीं संबंध आला तो सायकलीपुरता. परंतु वाट पाहण्याविषयीं लिहिण्याचा अधिकार मला आहे, आणि त्याची किंमतही आम्हीं मोजली आहे.

ज्या वाचकांस या गाडीची ओळख नसेल त्यांच्यासाठीं थोडा पूर्ववृत्तान्त. तिची पहिली प्रतिमा २०१४ सालच्या दिल्लीजवळील मोटार-प्रदर्शनांत मांडण्यांत आली. विक्रीस ती आली २०१७ च्या सप्टेंबरांत, आपल्या पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांतून. त्या काळीं कंपनीच्या रेखन-विभागाचे प्रमुख श्री. प्रताप बोस हे होते. मागें उतरत गेलेलें छप्पर आणि खिडक्यांखालून फिरविलेली हस्तिदंती रंगाची पट्टी, यांमुळें ती शंभर गाड्यांत ओळखूं येई. २०२० च्या जानेवारींत तिचें नाक-डोळे अधिक धारदार करण्यांत आले आणि त्याच महिन्यांत विजेवर चालणारी तिची बहीणही आली. २०२३ च्या सप्टेंबरांत मात्र मुखवटा, पाठ आणि आंतील फळी हें सारेंच पालटलें. मुख्य दिवे खालीं उतरले, त्यांच्या जागीं वर बारीक प्रकाशरेषा आली, आणि ती पट्टी नाहींशी झाली. म्हणजे दर तीनएक वर्षांनीं रूप पालटतें. तर आतां पुनः पाळी आली, असें त्रैराशिक सध्यां जो तो मांडीत आहे.

आमच्या घरींही हेंच त्रैराशिक चाललें होतें. २०२२ सालीं चिरंजीवांची जुनी ठेंगणी मोटार नऊ वर्षांची झाली. नेक्सॉन घ्यावयाची असें ठरलें. इतक्यांत नवें रूप येणार अशी बोलवा उठली, म्हणून थांबलों. २०२३ च्या सप्टेंबरांत तें आलें, तेव्हां कोणीं सांगितलें, ‘‘पहिल्या खेपेची गाडी घेऊं नये, वर्षभर जाऊं द्या.’’ म्हणून पुनः थांबलों. २०२४ च्या सप्टेंबरांत सी. एन. जी.वर चालणारी नेक्सॉन निघाली. मग पेट्रोल बरें कीं तें बरें, या वादांत सहा महिने गेले. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनीं पंतप्रधानांनीं कर कमी करण्याचें सूतोवाच केलें आणि आम्हीं आणखी थांबलों. कर खरोखरच उतरला. पण तोंवर ‘‘आतां तर सगळी पिढीच नवी येणार’’ ही वार्ता येऊन धडकली होती.

या सर्व काळांत सौभाग्यवतीचें माहेर गुहागरकडे, आणि तिचे गुडघे धरलेले. जुन्या गाडींत बसणें म्हणजे विहिरींत उतरणें आणि बाहेर येणें म्हणजे विहिरींतून वर चढणें. उंब्रजवरून पाटण, कोयना, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असा तो दिवसभराचा प्रवास तिला त्या गाडींत झेपेना. तिची थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणत असूं, तेथें एकटी राहत असे. फोनवर दोघी एकमेकींस पाहत, आणि प्रत्येक वेळीं शेवट ठरलेला : ‘‘आमची उंच गाडी आली कीं येतेंच.’’ २०२४ च्या आषाढांत आक्का गेल्या.

भाड्याची मोटार करून आधींच कां नेलें नाहीं, असें वाचक विचारतील. अवश्य विचारावें. आम्हींही स्वतःस विचारतों. उत्तर एकच आहे, आणि तें लाजिरवाणें आहे. ‘आतां आपलीच गाडी येणार, मग भाडें कशाला भरावें?’ येणारी वस्तु हाताशीं असलेला उपाय झांकून टाकते, तो असा.

तेव्हांपासून रूप या शब्दाचा मी जरा निराळा विचार करूं लागलों. व्यापारी ज्यास ‘फेसलिफ्ट’ म्हणतात आणि ज्यास ‘नवी पिढी’ म्हणतात, त्यांतील भेद आमच्या व्याकरणाच्या परिभाषेंत सहज सांगतां येतो. पहिल्यांत प्रत्यय बदलतो, धातु तोच राहतो. दुसऱ्यांत धातूच्या ठिकाणीं दुसरा धातु येतो, जसा दृश्‌च्या जागीं ‘पश्य’. नेक्सॉनचें २०२० चें आणि २०२३ चें रूपान्तर पहिल्या जातीचें होतें. पायाचा सांगाडा २०१७ सालचाच राहिला. लोक आतां वाट पाहतात ती दुसऱ्या जातीच्या बदलाची. पण व्याकरणांत असा एक आग्रह आहे कीं, मूळाच्या जागीं जो येईल त्यानें मूळाचें काम केलेंच पाहिजे. ‘पश्य’ कितीहि निराळा दिसो, अर्थ पाहण्याचाच राहतो. गाडीच्या बाबतींत तें काम कोणतें? माणसांस सुखरूप नेणें आणि सुखरूप आणणें.

या कामाच्या दृष्टीनें पाहतां एक मौजेची गोष्ट आढळते. २०१८ च्या ऑगस्टांत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनें नेक्सॉनची टक्कर-परीक्षा घेतली, तेव्हां प्रौढांच्या संरक्षणासाठीं तिला पांचांपैकीं चार तारे मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पांच मिळाले. भारतांत बनलेल्या मोटारींत तो मान पहिल्यानें तिलाच मिळाला. या चार महिन्यांत चेहरा रेसभरही बदलला नव्हता. पुढच्या दोन्ही आसनांवरील माणसांनीं पट्टा न बांधल्यास इशारा देण्याची सोय सर्व गाड्यांत करण्यांत आली, आणि बाजूनें बसणाऱ्या धक्क्याच्या परीक्षेंत ती उतरली. सुधारणा झाली ती अशी मुकाट्यानें. त्या सुधारणेचें छायाचित्र कोणी काढलें असेल असें वाटत नाहीं.

तथापि नवें रूप म्हणजे निव्वळ नटवेपणा, असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. २०१८ सालच्या परीक्षेंत बालकांच्या संरक्षणास तीनच तारे होते. २०२३ च्या नव्या रूपांत सहा एअरबॅगा प्रत्येक गाडींत देण्यांत आल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत जाहीर झालेल्या निकालांत प्रौढांस पांच व बालकांसही पांच तारे मिळाले. आपल्या सरकारनें २०२३ च्या ऑक्टोबरांत ‘भारत एनकॅप’ ही स्वतःची परीक्षा सुरू केली. तींतही पुढल्या वर्षीं तिनें पांच तारे मिळविले. माझी नात मागील आसनावर बसते. तिच्या दृष्टीनें हे दोन अधिक तारे पुढल्या प्रकाशरेषेपेक्षां कितीतरी मोलाचे आहेत.

रूप ठरविणारा आणखी एक अदृश्य शिल्पकार आहे. तो म्हणजे सरकारी कर. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत चार मीटरांच्या आंतील लहान मोटारींचें उत्पादनशुल्क शेंकडा २४ वरून १६ करण्यांत आलें, आणि तेव्हांपासून ही चार मीटरांची रेषा कारखानदारांस लक्ष्मणरेषेसारखी झाली. नेक्सॉनची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. म्हणजे रेषेच्या आंत अवघें बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षांही कमी अंतर! २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आंतील आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० पर्यंतच्या डिझेल यंत्राच्या गाड्यांस शेंकडा १८ कर पडतो. रेषा ओलांडली कीं ४०. तेव्हां हा नियम आहे तोंवर लहान गाडीच्या नव्या रूपांत ऐसपैस लांबी शोधूं नये. वाढ होईल ती उंचींत, रुंदींत, अथवा पुढलीं आणि मागलीं चाकें एकमेकांपासून दूर सारून. बाहेर चार बोटें वाढली नाहींत म्हणून निराश होण्यापेक्षां आंत गुडघ्यांस चार बोटें मिळालीं कीं नाहीं, तें पाहावें.

नव्या रूपांविषयीं एक तक्रारही नोंदवून ठेवतों. एका स्नेह्यांनीं नुकतीच एक नवी मोटार घेतली. कोणती तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्यांत वारा कमी-अधिक करण्याची खुंटी नाहीं. कांचेच्या पडद्यावर बोट टेकावें लागतें. आमचे स्नेही साठी उलटलेले. रस्त्यावरची नजर पडद्यावर, बोट भलत्याच चौकटीवर, आणि समोर ऊंसाची बैलगाडी! खुंटी हातास न पाहतां सांपडते, पडदा सांपडत नाहीं. युरोपांतील ‘युरो एनकॅप’ संस्थेनें २०२६ सालापासून दिशादर्शक दिवे, कर्णा, पाऊसपुसणें इत्यादि कांहीं कामांसाठीं खऱ्या कळा नसतील तर गुण कापण्याचें ठरविलें, हें वाचून मला समाधान वाटलें. जुनें तें सर्वच सोनें नसतें. पण जें हातास अंधारांतही सांपडतें, तें टाकण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

परत त्या चहाच्या टपरीकडे येतों. चिरंजीव गाडींत येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘आई, हीच असणार. आणखी एखादें वर्ष थांबूं या.’’ सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग माझ्याकडे वळून शांतपणें म्हणाली, ‘‘अहो, गाडीला नवें तोंड येईपर्यंत माझे गुडघे थांबणार आहेत का? आक्का थांबली नाहीं.’’ त्यानंतर सातारा येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

त्या पाडव्यास गाडी आली. जी मिळत होती तीच. घेण्यापूर्वीं सौभाग्यवतीस दुकानीं नेऊन चारही दारांतून दोन-दोनदां चढावयास व उतरावयास लावलें. विक्रेता हंसला, पण माझ्या मतें मोटारीची घरगुती परीक्षा तीच. आसन कमरेच्या उंचीस येत असल्यानें तिला वांकावें लागत नाहीं; पाय मात्र जरा उचलावा लागतो, म्हणून दाराजवळच्या मुठीस हात पोंचतो कीं नाहीं हेंही पाहिलें. चैत्र संपण्यापूर्वीं आम्हीं गुहागरकडे जाऊन आलों. आक्कांच्या घराच्या ओटीवर सौभाग्यवती बराच वेळ बसली. कुलूप उघडणाऱ्या शेजारणीनें विचारलें, ‘‘ताई, गाडी नवी का?’’ ती म्हणाली, ‘‘हो. पण उशीर झाला.’’

वाट पाहूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. कर उतरण्याची वाट आम्हीं पाहिली ती योग्यच होती. तिला कारण होतें आणि अखेर तारीखही ठरली. तुमच्या घरीं तरुण मंडळी नव्या रूपासाठीं थांबलीं असतील, तर त्यांना दोन प्रश्न विचारावे : कशासाठीं थांबावयाचें, आणि कोणत्या दिवसापर्यंत? दोन्हींचीं उत्तरें मिळालीं तर खुशाल थांबावें. तोंवर ज्यांना कोठें जावयाचें असेल त्यांना भाड्याच्या गाडीनें आधीं नेऊन आणावें.