सोयरीक पक्की करण्याआधी एक रक्ततपासणी

पेशीचे भाग आपण शाळेत मार्कांपुरते पाठ करतो. पण विदर्भातला सिकलसेल आजार समजून घ्यायचा तर तेच भाग उपयोगी पडतात.

केंद्रकातील जनुके म्हणजे प्रथिने बनवण्याच्या सूचना. रायबोसोम त्याप्रमाणे प्रथिने तयार करतात. हिमोग्लोबिनच्या सूचनेतले एकच अक्षर बदलले, की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसच. त्यामुळे रक्त कमी होते. शिवाय बारीक रक्तवाहिन्या तुंबून असह्य वेदना होतात.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासणी राहून जाते. आदिवासी समाजात प्रमाण जास्त असले, तरी इतर समाजही सुटलेले नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : जळगाव जामोद असो वा सिंदखेडराजा, सोयरीक पक्की करण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करा. वाहक निघणे म्हणजे आजार नव्हे, कलंक तर नव्हेच. लग्न झाले असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा.