दाराशी बांधलेली शिदोरी

आपत्ती व्यवस्थापन म्हटले की विजेरी, औषधांची पेटी आणि चार दिवसांचे धान्य अशी यादी पुढे येते. शहरी कुटुंबाला ती पुरेशीही असेल. परंतु मराठवाड्यातील अवर्षण चार दिवसांचे नसते. ते एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत ठाण मांडून बसते. तेवढा काळ पुरणारी शिदोरी कोरडवाहू कुटुंबाच्या दाराशी पूर्वापार बांधलेली आहे : दोन शेळ्या आणि परसातल्या चार कोंबड्या.

१९७२च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली आणि चाऱ्यावाचून गाई-बैल मिळेल त्या भावाने विकले गेले. २०१३ आणि २०१९मध्ये शासनाने चारा छावण्या उघडल्या, त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी. शेळीचे बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर, शेवरीच्या डहाळीवर भागते. एका म्हशीच्या चाऱ्यात पाच-सहा शेळ्या निभावतात. धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. वाढत्या मुलाला कपभर दूध घरात मिळते. बोकड विकला की शाळेचे शुल्क वा दवाखान्याचा खर्च निघतो. हा व्यवहार बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती असतो, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांपेक्षा सासवांना अधिक ठाऊक आहे!

२०२०च्या प्रारंभी कोंबडीमुळे करोना होतो या अफवेने कुक्कुटपालक बुडाले, पाठोपाठ टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले. परसातली अंडी मात्र चुलीपर्यंत येतच राहिली. सदनिकेच्या सज्जात शेळी बांधा, असे कोणी सुचवत नाही. पण गावी घर आणि परसू असलेली कितीतरी कुटुंबे आज अंडीही तालुक्याहून आणतात, हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे.

शासनाची योजना दहा शेळ्या आणि एक बोकड अशा गटाची आहे. व्यवसाय म्हणून ती योग्यच. दोन शेळ्यांच्या घराला मात्र गट नको असतो. आहेत त्या मरू नयेत, एवढेच हवे असते. पीपीआरची साथ आली की पाहता पाहता दावण रिकामी होते. त्यावर लस आहे. परंतु तिची कुपी पन्नास वा शंभर मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दोन शेळ्यांसाठी ती कोण फोडणार? वस्तीवरच्या साऱ्या शेळ्या एका सकाळी एका झाडाखाली आणल्या तर अडचणच उरत नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांना यासाठी निधी नको, कार्यालय नको. घरोघर फिरून शेळ्या मोजण्याची आणि दिवस ठरवण्याची तसदी तेवढी हवी. आंत्रविषाराची लस मृगाआधी टोचलेली बरी. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात आकडा वैशाखातच कळवावा लागेल.