‘तयार आहे’ म्हणजे नेमके काय?

रात्रपाळीची वेळ होत आली आहे. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधल्या मराठी घरात स्वयंपाकघरातून हाक येते, ‘‘अहो, तयार झालात का?’’ बाहेरून लगेच उत्तर, ‘‘हो, तयारच आहे!’’ प्रत्यक्षात एका पायात मोजा असतो, दुसऱ्याचा शोध चालू असतो आणि गाडीची किल्ली कुठे ठेवली हे आठवत नसते. बोलणारा खोटे बोलत नाही. मनाने तो केव्हाच तयार झालेला असतो!

मराठीतला ‘तयार’ हा शब्द मोठा सोशिक आहे. अरबी-फारसीतून आला आणि घरचाच होऊन बसला. आंबा तयार होतो, स्वयंपाक तयार होतो, गवई तयारीचा असतो, मुलगी लग्नाला तयार होते. घरात एवढ्यावर भागते. पण घरातला हाच माणूस कारखान्याच्या फाटकातून आत गेला, की एका शब्दावर भागत नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञ आले, दुभाषे आले. केरळ, बंगाल, पंजाब, आंध्र आणि अर्थातच नागपूर-विदर्भाकडूनही माणसे आली. छत्तीसगडी बोलणारे स्थानिक तर होतेच. इतक्या भाषांच्या गर्दीत कामाच्या जागी काही इंग्रजी शब्द सगळ्यांचे झाले. रेडी, बिझी, पोझिशन, स्टँडबाय. हे चारही शब्द आपल्याला सारखेच वाटतात, पण ते सारखे नाहीत. कसे, ते कोक भट्ट्यांपाशी गेल्यावर कळते.

लोखंड वितळवायला साधा कोळसा चालत नाही, कोक लागतो. त्यासाठी उंच, अरुंद भट्ट्या एकमेकींना चिकटून ओळीने बांधलेल्या असतात. त्यांत कोळसा हवेशिवाय तासन्‌तास भाजला जातो. भाजून झाला की दोन्ही बाजूंची दारे काढतात. एका बाजूला ‘पुशर कार’ असते. ती लांब दांड्याने लालभडक कोक पलीकडे ढकलते. पलीकडे ‘गाइड कार’ त्याला वाट करून देते आणि खाली उभी असलेली ‘क्वेंचिंग कार’ तो झेलून विझवायला नेते. तिन्ही यंत्रे एकाच भट्टीसमोर नेमकी आलेली हवीत. एक जरी शेजारच्या भट्टीसमोर राहिले, तर कित्येक टन धगधगता कोक रुळांवर पडेल.

आता कोणी विचारले, ‘तयार?’ तर उत्तरे किती! कोक भाजून झाला आहे, म्हणजे कोक ‘रेडी’. चालक आपल्या जागी बसून सावध आहे, तोही ‘रेडी’. पण त्याची गाडी ठरल्या भट्टीसमोर आली आहे का? आली असेल तरच ती ‘इन पोझिशन’. मागच्या खेपेचा कोक अजून विझतोच आहे? मग ती ‘बिझी’. म्हणून ढकलण्याआधी पलीकडून खूण यावी लागते आणि खूण आल्याशिवाय पुशर हलूच नये अशी यंत्रणाही बसवतात. नुसत्या ‘हो, तयार’वर काम सोडलेले नसते.

एका शब्दाच्या घोटाळ्याने काय होऊ शकते, हे जगाने २७ मार्च १९७७ रोजी पाहिले. स्पेनच्या ताब्यातील तेनेरिफे बेटावर धुके होते. धावपट्टीच्या टोकाला हॉलंडच्या कंपनीचे जंबो विमान उभे होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती, तरी ते धावू लागले होते. वैमानिकाने नियंत्रकाला सांगितले ते काहीसे ‘वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ’ असे ऐकू आले. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागेवर थांबले आहे. तो ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘स्टँडबाय’, म्हणजे थांबा, मी सांगतो, असे म्हणाला. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोलले आणि ते शब्द खरखरीत बुडाले. धावपट्टीवर समोर अमेरिकन कंपनीचे दुसरे जंबो होते. ५८३ माणसे मेली. अपघाताला इतरही कारणे होती, पण ‘जागेवर आहे’ आणि ‘निघालो आहे’ यांतला फरक एका वाक्यात हरवला होता. पुढे नियम झाला, की ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे.

तर हे शब्द जरा निवडून ठेवू या. ‘रेडी’ म्हणजे आत्ता सुरू करता येईल अशी स्थिती. ‘प्रिपेअर्ड’ म्हणजे आधीपासून केलेली तयारी. स्काउट चळवळीचे बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये ‘बी प्रिपेअर्ड’ हे ब्रीद दिले, ते संकट येण्याआधीच्या तयारीसाठी. ‘पॉइज्ड’मध्ये वजनाची, तोलाची कल्पना आहे. झेप घेण्याआधी मांजर जशी तोल सांभाळून असते, तसे. ‘डिप्लॉइड’चे मूळ घडी उलगडण्यात आहे. सैन्य पसरून जागोजागी उभे केले, की आपण ‘तैनात’ म्हणतो. आणि ‘स्टँडबाय’? काम नाही, पण सुट्टीही नाही. हाक आली की उठायचे. घरोघरच्या आया हे काम वर्षानुवर्षे करतात, त्याला भत्ता तेवढा नसतो!

आता ‘बिझी’. ‘बिझनेस’ हा शब्द याच ‘बिझी’पासून निघाला आहे. ‘ऑक्युपाइड’ म्हणजे जागा किंवा मन कोणी तरी व्यापलेले. ‘एंगेज्ड’च्या मुळाशी तारण किंवा वचन आहे. म्हणून फोन एंगेज असतो आणि साखरपुडा झालेली मुलगीही एंगेज्ड असते. मुलाखतीला बोलावणाऱ्याला ‘रविवारी मी एंगेज्ड आहे’ असे कळवले, तर अभिनंदनाचे पत्र यायचे!

मराठीतही असाच एक सापळा आहे. कामात असलेल्या माणसाला आपण सर्रास ‘व्यस्त’ म्हणतो. हा वापर हिंदीतून आला. शाळेच्या गणितात ‘व्यस्त प्रमाण’ म्हणजे उलटे प्रमाण. कामात बुडालेल्यासाठी आपले ‘व्यग्र’, ‘गुंतलेला’, ‘कामात आहे’ हे शब्द आहेत. काही घरांत मात्र बोलणे वाढते तसे काम घटते. तिथे ‘व्यस्त’च शोभतो.

भिलाईत पाळी संपली म्हणून माणूस लगेच उठत नाही. भट्टी चोवीस तास चालते. पुढच्या पाळीचा ‘रिलीव्हर’ येऊन, काय चालू आहे, काय थांबले आहे, हे नीट समजून घेईपर्यंत पहिला ‘ऑन ड्यूटी’च असतो. ‘सगळे ठीक आहे’ एवढ्यावर काम सोपवता येत नाही. काय झाले, काय व्हायचे आहे आणि कोण कुठे आहे, हे वेगवेगळे सांगावे लागते.

तेव्हा आज रात्री स्वयंपाकघरातून हाक आली, तर ‘तयारच आहे’ म्हणू नका. सरळ सांगा, ‘‘एक मोजा सापडत नाही आणि किल्लीही दिसत नाही.’’ दोन्ही मिळतील आणि डबाही वेळेवर हातात पडेल.