परोक्त वाक्याची जबाबदारी

जर्मन गद्य मराठीत आणताना क्रियापदाचे एक रूप हमखास गळून पडते, आणि ते गळल्याचे वाचकाच्याच काय, पुष्कळदा अनुवादकाच्याही ध्यानात येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना जर्मन लेखक क्रियापद स्वार्थात न ठेवता ‘कोन्युंक्टिव’ या अर्थात ठेवतो. व्याकरणातील एक बारीकसा तपशील म्हणून या रूपाची वासलात लावण्याची प्रवृत्ती मला घातक वाटते. अमुक विधानाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या रूपाशी निगडित आहे.

‘एर इस्ट क्रांक’ म्हणजे ‘तो आजारी आहे’. हे सांगणाऱ्याचे स्वतःचे विधान झाले. ‘एर झाय क्रांक’ या वाक्यातील मजकूर तोच. मात्र येथे सांगणारा केवळ निरोप्या असतो. एकदा ‘त्याने कळवले’ असे म्हटले, की पुढची दहा वाक्येही ‘झाय’, ‘हाबे’ अशा रूपांत चालू शकतात. प्रत्येक वाक्याला ‘असे तो म्हणाला’ ही शेपटी जोडावी लागत नाही. बहुवचनातील ‘हाबेन’ हे रूप स्वार्थातील रूपासारखेच दिसते, म्हणून तेथे ‘हेटेन’ हे दुसऱ्या कोन्युंक्टिवचे रूप योजतात. या ठिकाणी एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. पहिले कोन्युंक्टिव संशय व्यक्त करीत नाही. विधान खरे की खोटे याविषयी ते मौन पाळते आणि ते दुसऱ्याचे आहे, एवढीच नोंद करते.

आपल्याकडे घोटाळ्याची सुरुवात नावापासूनच होते. कोन्युंक्टिव म्हणजे ‘संकेतार्थ’ असे समीकरण मांडले, तर ते ‘पाऊस पडला असता तर’ या जातीच्या वाक्यांना, म्हणजे दुसऱ्या कोन्युंक्टिवच्या एका उपयोगालाच लागू पडते. विध्यर्थाचा आधार घेऊन ‘तो आजारी असावा’ असे लिहिले, तर निवेदक स्वतः तर्क करतो आहे असा अर्थ होतो. ‘तो आजारी आहे म्हणे’ हा पर्याय अधिक जवळचा वाटतो खरा. पण ‘म्हणे’ कहाणीत निरागस असले, तरी आधुनिक गद्यात ज्ञात व्यक्तीच्या विधानाला चिकटले की त्यातून अविश्वासाचा सूर उमटतो. एका रूपाने निवेदकाच्या पदरी तर्क बांधला जातो, दुसऱ्याने उपरोध. जर्मन निवेदकाने यांपैकी काहीच केलेले नसते.

याचे वाङ्मयीन मोल पाहायचे तर थॉमस बेर्नहार्ड यांची १९७० मधील ‘डास काल्कवेर्क’ ही कादंबरी घ्यावी. बंद पडलेल्या चुन्याच्या कारखान्यात राहणाऱ्या कोनराडने आपल्या अपंग पत्नीला गोळी घातली आहे. आयुर्विम्याचा व्यवसाय करणारा निवेदक फ्रो आणि वीझर यांच्याकडून जे ऐकतो, ते पुढे सांगतो. कोनराडने फ्रोला काय सांगितले, फ्रोने निवेदकाला काय सांगितले, अशी कथनाची उतरंड रचली जाते. कोनराड स्वतः श्रवणेंद्रियावरील एक ग्रंथ लिहू पाहतो आणि त्याला तो लिहिता येत नाही. त्याची सारी हकीकत मात्र आपल्यापर्यंत पोहोचते ती ऐकीव शब्दांतूनच. हे कोन्युंक्टिव स्वार्थात उतरवले, की ऐकीव साक्ष सिद्ध वस्तुस्थिती बनते आणि कादंबरीचा कणाच मोडतो. डानिएल केलमान यांच्या ‘डी फेरमेसुंग डेर वेल्ट’ (२००५) या कादंबरीत गाउस आणि हुंबोल्ट यांचे संवाद अवतरणचिन्हांविना याच रूपात येतात. तेथे त्यातून विनोद निर्माण होतो.

वाक्य कोणाचे हे ऐकणाऱ्याला उमगले नाही तर काय घडते, याचे उदाहरण साहित्याबाहेरही सापडते. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचाराला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त १० नोव्हेंबर १९८८ रोजी पश्चिम जर्मन संसदेचे अध्यक्ष फिलिप येनिंगर यांनी बॉन येथे भाषण केले. हिटलरच्या काळातील सामान्य जर्मनांची मनोवृत्ती उघड करण्यासाठी त्यांनी त्या लोकांचेच प्रश्न स्वार्थातील क्रियापदांनी, जणू त्यांच्या मनातून, मांडले. ‘असे तेव्हा म्हणत’ ही खूण कोठे होती, कोठे नव्हती. वक्त्याचा हेतू निषेधाचा होता. श्रोत्यांपैकी अनेकांना ते समर्थन वाटले. काही सदस्य सभागृहातून उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी येनिंगर यांना राजीनामा द्यावा लागला. एकसुरी वाचन आणि प्रसंगाचे गांभीर्य ही कारणेही होतीच. तरीही परक्याचे वाक्य परके म्हणून ओळखू येणे किती निकडीचे असते, हे त्या दिवशी दिसले.

मग मराठी अनुवादकाने काय करावे? माझ्या मते उपाय क्रियापदात शोधण्याऐवजी प्रथम सर्वनामात शोधावा. ‘त्याने कळवले, की आपण आजारी आहोत; आपली पत्नी माहेरी गेली आहे; आपल्याला आठवडाभर येता येणार नाही.’ येथील ‘आपण’ निवेदकाचा नाही आणि वाचकाचाही नाही; तो मूळ वक्त्याकडेच बोट दाखवतो, आणि त्यात संशयाची छटा नाही. ज्या वाक्यात वक्ता स्वतः येत नाही, तेथे ‘किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवल्याचेही त्याने कळवले’ ही वृत्तपत्री मराठीने रुळवलेली रचना उपयोगी पडते. ती सतत वापरल्यास गद्य रुक्ष होते, हे मान्य. म्हणून दोहोंची आलटूनपालटून योजना करावी लागेल.

बोलीतील जर्मनमध्ये हे रूप बरेचसे मागे पडले आहे, मग त्याचा एवढा बाऊ कशाला, असा आक्षेप येईल. वृत्तलेखन, इतिवृत्ते आणि साहित्य यांत ते टिकून आहे. शिवाय बोलीत पर्याय उपलब्ध असताना लेखक ते निवडतो, तेव्हा ती निवड अधिकच अर्थपूर्ण ठरते. खरी अडचण निराळी आहे. इंग्रजीच्या मार्गाने येणाऱ्या अनुवादात हे रूप वाटेतच हरवलेले असते. इंग्रजीत परोक्त वाक्याचे क्रियापद सामान्यतः भूतकाळात सरकते, आणि निवेदकाचा भूतकाळही तसाच दिसतो. म्हणून मराठी अनुवादकाला जे दिसलेच नाही, ते त्याने गमावले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ जर्मनवरून अनुवाद व्हावेत, या मागणीमागे केवळ शुद्धतेचा हट्ट नाही. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडी घेताना ते दुसऱ्याचेच राहू देणे, हा अनुवादकाचा पहिला धर्म आहे. आणि कोन्युंक्टिव तो धर्म मूळ लेखकाने कसा पाळला, हे दाखवून देते.